एकाकी माणूस आणि बोलणारा समाज: चार अमेरिकन लघुकथांतील आशयसूत्र व निवेदनतंत्र

१

अमेरिकन लघुकथेच्या विद्यापीठीय अभ्यासात 'आशयसूत्रे' आणि 'वाङ्मयीन तंत्रे' अशी दोन स्वतंत्र प्रकरणे पाडण्याची प्रथा चांगलीच रुळली आहे. पहिल्या प्रकरणात एकाकीपणा, मृत्यू, वंशभेद, परंपरेची पकड, व्यक्ती आणि समाज यांतील संघर्ष अशी सूत्रे नोंदवली जातात. दुसऱ्यात प्रतीक, उपरोध, पूर्वसूचन, कालक्रमाची उलटापालट, निवेदकाचा दृष्टिकोन यांची यादी येते. अध्यापनाच्या दृष्टीने या मांडणीची सोय उघड आहे. परंतु आशय आधी सिद्ध असतो आणि तंत्र त्याला नंतर वाहून नेते, असे एक गृहीतक तिच्या मुळाशी असते. प्रस्तुत लेखात चार कथांच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे.

या गृहीतकाला इतिहास आहे. एडगर अॅलन पो याने नॅथॅनियल हॉथॉर्नच्या 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' या संग्रहाचे १८४२ मध्ये 'ग्रॅहॅम्स मॅगझीन'मध्ये परीक्षण करताना एका बैठकीत वाचून होणारी कथा आणि तिच्यातून साधावयाचा एकच एक परिणाम यांचा सिद्धान्त मांडला. लेखकाने परिणाम आधी निश्चित करावा आणि मग त्याला पोषक अशा प्रसंगांची रचना करावी, असे त्याचे सांगणे होते. मराठीत ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने लेखनाचे तंत्र शिकता-शिकवता येते हा विश्वास रूढ केला. नवकथेच्या समर्थकांनी पुढे या तंत्रवादाला विरोध केला. मात्र तो करतानाही 'तंत्र' हा शब्द बहुधा कृत्रिम रचनाकौशल्य याच संकुचित अर्थाने वापरला गेला. तंत्राचा पुरस्कार करणारे आणि त्याला नाकारणारे असे दोन्ही पक्ष तंत्राला आशयाबाहेरची गोष्ट मानत राहिले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

आयरिश कथाकार फ्रँक ओ'कॉनर यांनी 'द लोन्ली व्हॉइस' या ग्रंथात लघुकथेचा संबंध समाजाच्या कडेला राहिलेल्या, दबलेल्या जनसमूहांशी जोडला. लघुकथेच्या केंद्रस्थानी समाजापासून तुटलेला एकाकी माणूस असतो, हे त्यांचे प्रतिपादन अमेरिकन कथेच्या चर्चेत वारंवार उपयोगी पडले आहे. परंतु हर्मन मेलव्हिल, विल्यम फॉक्नर, शर्ली जॅक्सन आणि जेम्स बॉल्डविन यांच्या चार सुप्रसिद्ध कथा एकत्र वाचल्या असता एक विसंगती ध्यानात येते. या कथांमध्ये एकाकी माणूस आहे, पण ऐकू येणारा स्वर त्याचा नाही. बोलतो तो स्थिरस्थावर माणूस: वॉल स्ट्रीटवरील वकील, दक्षिणेतील एक नगर, खेड्याच्या सुरात सूर मिसळणारा एक अनाम निवेदक आणि हार्लेममधील शिक्षक. ज्याच्याविषयी बोलले जाते तो आणि जो बोलतो तो यांतील अंतर हे या कथांचे प्रमुख तंत्र आहे, आणि त्या अंतरातून निर्माण होणारी जबाबदारी हे त्यांचे आशयसूत्र आहे. ही दोन विधाने वस्तुतः एकाच गोष्टीची वर्णने आहेत, हे पुढील विवेचनातून स्पष्ट व्हावे.

२

मेलव्हिलची 'बार्टलबी, द स्क्रिव्हनर' ही कथा 'पटनम्स मंथली'च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर १८५३ च्या अंकांत लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली व १८५६ मध्ये 'द पियाझा टेल्स' या संग्रहात समाविष्ट झाली. दस्तऐवजांच्या नकला करण्यासाठी नेमलेला बार्टलबी आधी नकला ताडून पाहण्यास, मग नकला करण्यास आणि अखेरीस कचेरी सोडून जाण्यास नकार देतो. त्याच्या नकाराची भाषा विलक्षण आहे. आपण हे करणार नाही, असे तो म्हणत नाही; न करणे आपल्याला अधिक पसंत आहे, एवढेच सांगतो. कथेची चर्चा करताना कारकुनी श्रमातील परात्मता हे आशयसूत्र आणि भिंत हे प्रतीक, अशी जोडी सामान्यतः पुढे केली जाते. ती चुकीची नाही. पण ही भिंत वाचकाला दाखवतो कोण, हा प्रश्न तिच्यात सुटून जातो.

निवेदक असलेला वयस्क वकील स्वतःची ओळख सुरक्षित माणूस म्हणून करून देतो आणि जॉन जेकब अॅस्टर या धनाढ्याने आपल्या सावधपणाची केलेली प्रशंसा मोठ्या समाधानाने नमूद करतो. बार्टलबीला तो आपल्याच दालनात, घडीच्या हिरव्या पडद्याआड बसवतो. कारकून दृष्टीआड राहावा, पण आवाजाच्या टप्प्यात असावा, असा त्यामागील हेतू आहे. दर १०० शब्दांना ४ सेंट या दराने विकत घेतलेल्या श्रमाशी मालकाला हवे असलेले नाते त्या पडद्यात मूर्त झाले आहे, आणि निवेदनाची रीतही तीच आहे. संपूर्ण कथाभर बार्टलबी वाचकालाही या पडद्याआडूनच भेटतो.

मालकाच्या भाषेत आज्ञाभंगाला शिक्षा आहे आणि विनंतीला दया आहे. पसंतीला मात्र तिच्यात जागा नाही. म्हणूनच बार्टलबीचे उत्तर वकिलाला निःशस्त्र करते. लवकरच कचेरीतील इतर कारकून आणि स्वतः वकीलही नकळत तोच शब्द वापरू लागतात. भाषेला लागलेला हा संसर्ग विनोदी आहे आणि भयावहही आहे. वकील दयाळूपणे वागू पाहतो, परंतु आपली दया स्वस्तात पडेल आणि सदसद्विवेकाला गोड घास मिळेल, असा हिशेबही तो वाचकासमोर मांडतो. शेवटी बार्टलबीला हलवता येत नाही म्हणून तो स्वतःची कचेरीच हलवतो. मागे राहिलेल्या बार्टलबीला भटक्या म्हणून 'टूम्ब्स' या तुरुंगात नेले जाते आणि तेथील भिंतीच्या पायथ्याशी तो मरून पडलेला आढळतो.

वेन बूथ यांनी 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' (१९६१) मध्ये रूढ केलेली 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा या वकिलाला लावण्याचा मोह होतो. पण हा निवेदक वस्तुस्थिती लपवत नाही. स्वतःविरुद्ध जाणारा प्रत्येक तपशील तो प्रामाणिकपणे नोंदवतो. घटनांच्या बाबतीत तो विश्वसनीय आहे. अपुरा पडतो तो प्रतिसादाच्या बाबतीत. कथेच्या शेवटी, बार्टलबी पूर्वी वॉशिंग्टन येथील बेवारस पत्रांच्या कार्यालयात काम करीत होता, अशी एक अफवा तो सांगतो. तिच्या खरेपणाविषयी त्याला खात्री नाही. तरीही ती सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही, कारण कारण सापडले की जबाबदारी हलकी होते. बेवारस पत्रांनी बार्टलबीला असे केले असेल, तर त्याच्या मृत्यूत कचेरीचा वाटा उरत नाही. या अफवेला कथेची 'किल्ली' मानणारा समीक्षक वकिलाच्याच सुटकेत सहभागी होतो.

३

फॉक्नरच्या 'अ रोज फॉर एमिली' (१९३०) या कथेत 'मी'ची जागा बहुवचनाने घेतली आहे. मिसिसिपीतील जेफर्सन हे काल्पनिक नगर येथे बोलते. मिस एमिली ग्रिअरसनच्या अंत्यविधीपासून कथा सुरू होते आणि पाच भागांत मागेपुढे जात, चाळीस वर्षे कोणी न पाहिलेल्या खोलीचे दार फोडण्यापाशी संपते. आत होमर बॅरन या उत्तरेकडून आलेल्या मुकादमाचा सांगाडा आहे आणि शेजारच्या उशीवर करड्या केसाची एक बट आहे. कालक्रमाची मोडतोड उत्कंठेसाठी केली आहे, असे या कथेविषयी सांगितले जाते. उत्कंठा निर्माण होते हे खरे. परंतु हा क्रम कोणाचा आहे, हेही विचारायला हवे.

प्रत्यक्षात एमिली आधी विष विकत घेते, मग होमर दिसेनासा होतो आणि त्यानंतर घरातून दुर्गंधी येऊ लागते. निवेदनात मात्र दुर्गंधीचा प्रसंग दुसऱ्या भागात येतो आणि आर्सेनिकची खरेदी तिसऱ्यात. कार्य आधी सांगितले जाते, कारण मागाहून. दोहोंच्या मध्ये बापाचा मृत्यू, लोकांची कीव, रस्त्यावरची कुजबुज भरली जाते. नगराला प्रत्येक गोष्ट ठाऊक होती. औषधविक्रेत्याने विषाच्या पुडीवर उंदरांचा उल्लेख केला होता. चार माणसांनी रात्री चोरट्या पावलांनी जाऊन तिच्या घराभोवती चुना टाकला होता. वरच्या मजल्यावर एक बंद खोली असल्याचेही लोकांना आधीपासून माहीत होते. हे तुकडे जोडणे तेवढे नगराने टाळले. कुलीन स्त्रीला तोंडावर दुर्गंधीविषयी कसे सांगावे, हा वृद्ध न्यायाधीश स्टीव्हन्सचा सवाल या टाळण्याचे शिष्टसंमत रूप आहे. तेव्हा येथील कालक्रम हा नगराने स्वतःच्या स्मृतीला लावलेला सोयीचा क्रम आहे. दुर्गंधीनंतर विष आठवले की दुर्गंधीचा जाब द्यावा लागत नाही.

या शिष्टाचाराची दुसरी बाजू फॉक्नरने एका ओझरत्या तपशिलात ठेवली आहे. १८९४ मध्ये एमिलीचा कर माफ करण्यासाठी एक सभ्य थाप रचणारा कर्नल सार्टोरिस हाच कोणत्याही कृष्णवर्णीय स्त्रीने एप्रनशिवाय रस्त्यावर येऊ नये, असा हुकूम काढणारा नगराध्यक्ष आहे. गौरवर्णीय स्त्रीविषयीचा आदर आणि कृष्णवर्णीय स्त्रीचा अपमान एकाच अधिकारातून, एकाच वाक्याच्या ओघात येतात. निवेदक नगराला त्यात काहीच विसंगत वाटत नाही. एमिलीचा नोकर टोब हा तर या घरात काय घडले हे जाणणारा एकमेव जिवंत माणूस असणार. अंत्यविधीला आलेल्या स्त्रियांना तो दार उघडून देतो, घरातून चालत मागच्या बाजूने निघून जातो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. त्याची साक्ष कथेत येत नाही, कारण नगराच्या बहुवचनात त्याचा समावेश कधीच झालेला नव्हता.

येथे मराठी वाचकाला आपल्या भाषेमुळे एक प्रश्न अधिक टोकदारपणे दिसू शकतो. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनाला मराठीत दोन पर्याय आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. इंग्रजी संहितेत हा भेद उघड करावा लागत नाही. त्यामुळे वाचक आरंभी पाहुण्यासारखा नगराची हकिकत ऐकतो, हळूहळू त्याच्या कुतूहलात गुंततो आणि दार फोडले जाते तेव्हा आत डोकावणाऱ्यांपैकी एक झालेला असतो. मराठीत 'आम्ही' म्हटले तर नगर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते आणि वाचक बाहेर बसतो. 'आपण' म्हटले तर पहिल्या वाक्यापासूनच वाचक त्या नगराचा रहिवासी होतो. फॉक्नरचे निवेदन या दोहोंच्या मधल्या जागेत चालते. शेवटच्या क्षणी, उशीवरून ती केसाची बट उचलताना, हे सामूहिक निवेदन एकाएकी आपल्यातील कुणा एकावर कृती सोपवते. सगळ्यांनी मिळून जे न जाणणे पत्करले होते, ते जाणण्याचे काम एकाच्या हातून होते आणि तो एक अनामच राहतो.

४

शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' २६ जून १९४८ च्या 'द न्यू यॉर्कर'मध्ये प्रसिद्ध झाली. कथेतील दिवस २७ जूनचा आहे. सुमारे ३०० वस्तीच्या खेड्यात सकाळी दहाला लोक जमतात, काळ्या पेटीतून चिठ्ठ्या काढल्या जातात आणि जिच्या वाट्याला खूण केलेली चिठ्ठी येते त्या टेसी हचिन्सनला दगडांनी ठेचण्यास सुरुवात होते. सगळे दोन तासांच्या आत आटोपून लोकांनी दुपारच्या जेवणाला घरी परतावे, अशी व्यवस्था आहे. येथे 'मी' नाही आणि 'आम्ही'ही नाही. निवेदक स्थानिक वार्ताहरासारखा हवामान, पोशाख, गप्पा आणि कार्यक्रम यांची समान आस्थेने नोंद घेतो.

या कथेच्या संदर्भात 'पूर्वसूचन' हे तंत्र हटकून शिकवले जाते. आरंभीच मुले खिशात दगड भरतात आणि चौकाच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग रचतात, हा त्याचा नमुना. परंतु पूर्वसूचनात काहीतरी झाकलेले असते आणि त्याची चाहूल तेवढी दिली जाते. जॅक्सन यांनी येथे काहीही झाकलेले नाही. दगड स्पष्ट दिसतात. निवेदकाचा सूर प्रसन्न असल्यामुळे वाचक त्यांना पोरखेळ समजतो. फॉक्नरच्या नगराने जे वर्षानुवर्षे केले, ते जॅक्सन यांचा वाचक काही मिनिटांत करतो: समोर असलेल्या गोष्टींचा अर्थ जोडत नाही. अंध परंपरेचे क्रौर्य हे या कथेचे आशयसूत्र खरेच. पण ते कोण्या दूरच्या खेड्याविषयीचे विधान म्हणून वाचले की सुराला फसलेला वाचक त्यातून अलगद निसटतो.

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (१९२७) या कथेशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. तेथेही निवेदक बाहेर उभा असतो. स्पेनमधील एका रेल्वे स्थानकावर बसलेले दोघेजण गर्भपाताविषयी बोलत असतात आणि तो शब्द एकदाही उच्चारला जात नाही. १९३२ च्या 'डेथ इन द आफ्टरनून'मध्ये हेमिंग्वेने सांगितलेले हिमनगाचे तत्त्व, म्हणजे एक अष्टमांश वर आणि उरलेले पाण्याखाली, तेथे नेमके लागू पडते. तेथील मौन पात्रांचे आहे आणि ते उकलणाऱ्या वाचकाला आपल्या मर्मज्ञतेचे समाधान लाभते. जॅक्सन यांच्या कथेत हिमनग पूर्ण वर आहे. तेथे उशिरा समजणाऱ्या वाचकाच्या वाट्याला समाधान येत नाही, शरम येते. बाह्यतः एकच असलेले वस्तुनिष्ठ निवेदन दोन कथांत वाचकाला दोन भिन्न नैतिक जागी नेऊन ठेवते. तंत्राचे नाव सांगून तंत्राचे कार्य सांगितल्यासारखे होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे.

टेसीचे पात्रही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ती बार्टलबीसारखी आधीपासून तुटलेली नाही. भांडी घासताना दिवस विसरल्यामुळे ती उशिरा येते, शेजारणींशी थट्टामस्करी करते आणि चिठ्ठी आपल्या कुटुंबाकडे आल्यावरच अन्यायाची तक्रार करते. स्वतःवरील धोका कमी व्हावा म्हणून लग्न झालेल्या मुलीलाही सोडतीत धरावे, असे ती सुचवते. तिचे एकाकीपण दोन तासांत घडवले जाते, आणि तिच्याशी नुकत्याच गप्पा मारणाऱ्या मिसेस डेलाक्रॉयना दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा दगड निवडताना पाहूनही निवेदकाचा सूर बदलत नाही. तिच्या लहानग्या मुलाच्या हातातही कोणीतरी खडे देते. एकाकी माणूस ही व्यक्तींची एक जात नसून समाजाने कोणालाही देता येईल अशी जागा आहे, हे ओ'कॉनर यांच्या प्रतिपादनात न बसणारे सत्य ही कथा सांगते.

प्रकाशनानंतर लेखिकेकडे आलेल्या पत्रांचा इतिहासही बोलका आहे. त्या उन्हाळ्यात ३०० हून अधिक पत्रे आली. गोंधळ, तर्ककुतर्क आणि शिव्याशाप हे त्यांतील मुख्य सूर होते, असे जॅक्सन यांनी एका व्याख्यानात नमूद केले. हे व्याख्यान त्यांच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये 'कम अलाँग विथ मी' या ग्रंथात छापले गेले. अशी सोडत कोठे काढतात आणि ती पाहायला जाता येईल काय, अशी विचारणा करणारेही काही वाचक होते. कथेच्या निवेदकाने देऊ केलेली प्रेक्षकाची जागा त्या वाचकांनी बिनदिक्कत स्वीकारली होती.

५

बॉल्डविन यांची 'सनीज ब्लूज' ही कथा १९५७ मध्ये 'पार्टिझन रिव्ह्यू'त प्रसिद्ध झाली आणि १९६५ च्या 'गोइंग टु मीट द मॅन' या संग्रहात आली. मेलव्हिलप्रमाणे येथेही निनावी, प्रतिष्ठित 'मी' दुसऱ्या कोणाविषयी सांगतो. हा 'मी' हार्लेममधील बीजगणिताचा शिक्षक आहे आणि ज्याच्याविषयी तो सांगतो तो त्याचा धाकटा भाऊ आहे. सनीला हेरॉइनच्या प्रकरणात अटक झाल्याचे निवेदकाला भुयारी रेल्वेत वर्तमानपत्र वाचताना कळते. सख्ख्या भावाची बातमी छापील, परक्या भाषेतून कळावी, ही कथेची आरंभस्थिती आहे. हार्लेमचे भौतिक वास्तव, वंशभेदाची दहशत आणि व्यसन ही आशयसूत्रे, तर प्रकाश-अंधाराच्या प्रतिमा आणि संगीताचे प्रतीक ही तंत्रे, अशी या कथेचीही विभागणी केली जाते.

मात्र या प्रतिमा आणि हे संगीत ज्या प्रवासात अर्थपूर्ण होतात तो प्रवास निवेदकाच्या ऐकण्याचा आहे. सनीला जाझ वादक व्हायचे आहे, तेव्हा निवेदक लुई आर्मस्ट्राँगचे नाव घेतो. चार्ली पार्कर त्याने ऐकलेलाच नसतो. आईने त्याला पूर्वी एक गोष्ट सांगून ठेवली होती. वडिलांचा गिटार वाजवणारा भाऊ दारू प्यालेल्या गोऱ्या माणसांच्या मोटारीखाली रस्त्यावर मेला आणि वडील ते पाहत होते. सनी पडणार नाही असे पाहता आले नाही तरी तू तेथे आहेस हे त्याला कळू दे, असे आईचे मागणे होते. निवेदक ते विसरतो. स्वतःची लहान मुलगी ग्रेस पोलिओने दगावल्यानंतर तो तुरुंगातील भावाला पत्र लिहितो. स्वतःच्या दुःखाने दुसऱ्याचे दुःख त्याला खरे वाटू लागते, ही कबुली तो स्वतःच देतो.

बार्टलबीच्या वकिलाला शेवटपर्यंत कारणाचा शोध होता. बॉल्डविन यांचा निवेदकही आरंभी कारणच शोधतो: सनी या वाटेला गेलाच कसा? रस्त्यावरच्या भजनी मेळाव्यातील एका स्त्रीचे गाणे ऐकल्यानंतर दोघे भाऊ खिडकीपाशी बोलतात आणि सनी पहिल्यांदा दीर्घकाळ स्वतःच्या शब्दांत वेदनेविषयी व हेरॉइनच्या अनुभवाविषयी सांगतो. विवेचनात घेतलेल्या चार कथांत ज्याच्याविषयी बोलले जाते तो असा सविस्तर बोलल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. त्यासाठी निवेदकाला मध्ये बोलण्याची इच्छा आवरावी लागते. ग्रीनिच व्हिलेजमधील क्लबात क्रिओलच्या साथीने सनी पियानो वाजवतो तेव्हा निवेदकाला आईचा चेहरा, चुलत्याचा तो रस्ता, ग्रेस आणि पत्नीचे अश्रू आठवतात.

येथे एक आक्षेप संभवतो. सनीचे संगीत अखेरीस निवेदकाच्या कौटुंबिक आठवणींतच रूपांतरित होते. म्हणजे पुन्हा प्रतिष्ठित भावाच्या भाषेनेच वाया गेलेल्या भावाला व्यापले, असे म्हणता येईल. हा आक्षेप पूर्णतः खोडता येत नाही आणि बॉल्डविन यांनीही तो खोडलेला नाही. निवेदक पियानोकडे पाठवतो तो स्कॉच आणि दुधाचा पेला सनीच्या डोक्यावर थरथरत राहतो आणि त्याच क्षणी यशयाच्या ग्रंथातील कंपाच्या पेल्याचा उल्लेख येतो. सनी सावरला, असे आश्वासन कथा देत नाही. अंतर मिटल्याचा दावा निवेदक करीत नाही. ते अंतर ओलांडताना आपण कोठवर पोहोचलो तेवढे सांगतो. वकिलाने पडद्याआड बसवलेल्या माणसाला ऐकणे म्हणजे काय, याचे मेलव्हिलनंतर शंभरएक वर्षांनी आलेले हे उत्तर आहे.

६

वरील विवेचनाचा तौलनिक अभ्यासाच्या पद्धतीशी निकटचा संबंध आहे. अमेरिकन आणि मराठी कथांची तुलना बहुधा आशयसूत्रांच्या पातळीवर होते. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधल्यापासून या दोन साहित्यप्रवाहांतील साम्य शोषण, अपमान आणि विद्रोह या सूत्रांनी मांडले गेले आहे. ती मांडणी आवश्यक होती. परंतु बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा 'सनीज ब्लूज'शेजारी ठेवली, तर सूत्रांच्या साम्याइतकाच निवेदकाच्या स्थानातील भेद महत्त्वाचा ठरतो. बागूलांच्या कथेत नोकरीसाठी परगावी आलेला, जात न सांगता राहिलेला आणि ती उघड होताच मार खाणारा माणूस स्वतःच 'मी' म्हणून बोलतो. ज्याच्याविषयी इतर तीन कथांत स्थिरस्थावर समाज बोलला असता, तो येथे समाजाविषयी बोलत आहे. बॉल्डविन यांच्या निवेदकाला ऐकायला शिकावे लागते; बागूलांच्या निवेदकाभोवतीचा समाज मात्र ऐकण्याची वेळच येऊ देत नाही. हा भेद 'विद्रोह' या एका शब्दाखाली झाकला जातो.

म्हणून तुलनेचा प्रारंभ 'कथा कशाविषयी आहे' या प्रश्नाऐवजी 'कोण कोणाविषयी बोलत आहे आणि त्याला काय माहीत होते' या प्रश्नाने करणे अधिक फलदायी ठरेल. वकिलाला बार्टलबी रविवारीही कचेरीतच राहतो हे माहीत होते. नगराला बंद खोली माहीत होती. खेड्यातील प्रत्येकाला दगडांचा उपयोग माहीत होता. शिक्षकाला आईचे शब्द माहीत होते. या चारही कथांत अज्ञान ही सबब उपलब्ध नाही, आणि ती नाकारण्याचे काम निवेदनाच्या रचनेनेच केले आहे. रचना वेगळी काढली तर मागे उरते ते केवळ एकाकीपणाविषयीचे एक सामान्य विधान, ज्याने कोणालाच काही विचारले जात नाही.

हा प्रश्न अनुवादकाला तर टाळताच येत नाही. 'अ रोज फॉर एमिली'च्या पहिल्याच वाक्यात नगराचा उल्लेख प्रथमपुरुषी अनेकवचनाच्या षष्ठीने होतो. मराठीत ते 'आमचे गाव' करावे की 'आपले गाव', याचा निर्णय अनुवादकाला कथा सुरू होण्याआधीच घ्यावा लागतो, आणि मराठी वाचक त्या बंद दाराच्या कोणत्या बाजूला उभा राहील, हे त्या एका शब्दावर ठरते.